मुक्काम माहेरी, सहल रोज नवी

शेजारच्या काकूंची लेक इटलीहून आली. तिथं त्यांनी गार्डा सरोवराच्या काठी आठ दिवस एकच खोली घेतली होती. सकाळी आगगाडीनं निघायचं, एक दिवस व्हेरोना, एक दिवस व्हेनिस, नि रात्री परत त्याच खोलीवर. सामान एकदाच उघडायचं, एकदाच भरायचं. फोटो पाहता पाहता मनात आलं, अगं बाई, अशी पाण्याकाठची खोली तर मलाही आहे, नि तीही बिनभाड्याची! माझं माहेर विष्णुपुरीचं.

मैत्रिणींनो, लातूरहून माहेरी जाऊन मी आजवर काय करीत होते? एका स्वयंपाकघरातून निघून दुसऱ्या स्वयंपाकघरात बसत होते, इतकंच. नांदेडच्या अलीकडेच गोदावरीचं अडवलेलं पाणी, शंकर सागर, भावाच्या गच्चीवरून दिसतं. काठावर काळेश्वराचं देऊळ. यंदा दिवाळीच्या सुटीत ठरवलं, मुक्काम इथं नि रोज एक गाव.

पहिल्या दिवशी होट्टल. देगलूरपर्यंत एस.टी., पुढं रिक्षा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली ही देवळं. सिद्धेश्वराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींचे दागिने पाहून वहिनी म्हणाली, "ताई, असा कंबरपट्टा सराफाकडंसुद्धा मिळायचा नाही!"

दुसरा दिवस नांदेड शहराचा. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथंच देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी एकोणिसाव्या शतकात बांधवलेला सचखंड गुरुद्वारा पाहायला पंजाबातून माणसं येतात, आपण मात्र बाजाराला जाता-जाता बाहेरूनच हात जोडतो. आम्ही आत निवांत बसलो, लंगरमध्ये जेवलो. त्या दिवशी घरी चूल पेटली नाही, हा त्यातला आणखी एक आनंद.

तिसऱ्या दिवशी कंधार. आदल्या रात्री आई नेहमीप्रमाणं दशम्या थापायला बसली. आईचं वय शहात्तर. आमच्या शाळेच्या सहली, भावाच्या कॉलेजच्या सहली, सगळ्यांचे डबे तिनं भरले. मी सहज विचारलं, "आई, तू कंधारचा किल्ला पाहिलाय का गं?"

"मला कोण नेणार? नि तुमचे डबे कोण भरील?" ती हसून म्हणाली. पण मला हसू आलं नाही. कंधार घरापासून जेमतेम पन्नास किलोमीटर!

सकाळी डबा मी भरला नि आईला खिडकीशी बसवलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे नि २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. आईनं आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधून घेतलं होतं! कंडक्टरनं तिला शून्याचं तिकीट दिलं, ते तिनं अजून जपून ठेवलंय.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे, म्हणजे डोंगर चढायचा नाही. भोवती रुंद खंदक. राष्ट्रकूटांच्या काळातलं हे नामांकित नगर, पुढं बहामनी, निजामशाही, मोगल, निजाम असे धनी बदलत गेले. आई सावकाश चालली, दर कमानीखाली टेकली. मग जगत्तुंग समुद्र पाहिला. नावाला समुद्र, पण आहे तळं, राष्ट्रकूटांच्या वेळचं, हजार वर्षांपूर्वीचं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पाणी अडवायची अक्कल तेव्हाही होती की!"

तुम्हाला जायचं असेल तर दोन-चार गोष्टी सांगते. थंडीचे दिवस निवडा नि पहिल्या गाडीनं निघा. परतीची शेवटची गाडी कितीची, ते उतरल्याबरोबर विचारून घ्या. दशम्या, धपाटे नि शेंगादाण्याची चटणी दिवसभर टिकते, दहीभात उन्हात आंबतो. स्टँडवरच सगळ्यांनी मोकळं होऊन घ्या, किल्ल्यात सोय असेलच असं नाही. खंदकाच्या कडेला मुलांचा हात सोडू नका. आणि घरातली म्हातारी माणसं बरोबर असतील तर एका दिवशी एकच ठिकाण, दोन नकोत.

परतताना आई खिडकीशी झोपली होती. घरी आल्यावर पाय दाबायला बसले, तर विचारते, "आता कुठं?"

आता उदगीर! तेही तसंच, आमच्या लातूरच्या घरी मुक्काम करून. शाळेत माझ्या मुलांना पानिपत, १४ जानेवारी १७६१, तोंडपाठ असतं. पण त्याच सदाशिवरावभाऊंनी वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, १७६० च्या फेब्रुवारीत, आपल्या उदगीरला निजामाला हरवलं होतं, हे सांगितलं की ती डोळे मोठे करतात. आईनंही तसेच केले.

या खेपेला डबा मात्र तिनं भरायचा नाही, असं मी बजावून ठेवलंय. बघू या, ऐकते का!