जबड्याच्या सांध्याचा आवाज

तोंड उघडताना किंवा मिटताना कानाच्या पुढील भागात ‘कट्’ असा जो आवाज होतो, त्यास जबड्याच्या सांध्याचा आवाज म्हणतात. तो अनेक निरोगी व्यक्तींमध्येही आढळतो. वेदना किंवा अडथळा नसल्यास त्यावर सहसा उपचार करावे लागत नाहीत. दातांच्या क्ष-किरण चित्रात सांध्याच्या हाडाचा आकार वेगळा दिसला, तरी केवळ त्यावरून आजार ठरवता येत नाही.

रचना व कारण

खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक कवटीच्या शंखास्थीतील खोबणीत बसते. या दोन हाडांमध्ये तंतुमय चकती असते. ही चकती जागेवरून पुढे सरकलेली असल्यास, तोंड उघडताना हाडाचे टोक पुन्हा तिच्याखाली येते आणि त्या क्षणी आवाज होतो. चकती पूर्ववत न झाल्यास आवाज थांबतो, परंतु तोंड कमी उघडू लागते. म्हणून आवाज बंद होणे हे नेहमीच सुधारणेचे लक्षण नसते. करकर असा खरखरीत आवाज मात्र हाडांचे पृष्ठभाग झिजल्याचे सुचवतो.

क्ष-किरण चित्रातील आकार

दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या चित्रास ओपीजी म्हणतात. हाडाचे टोक गोल, चपटे किंवा कोनयुक्त असू शकते. एकाच व्यक्तीच्या डाव्या व उजव्या बाजूंतही फरक आढळतो. चित्र घेताना डोके किंचित कलले तरी आकार बदललेला भासतो. शिवाय चकती या चित्रात दिसतच नाही; त्यासाठी एमआरआय करावा लागतो. हाडाची झीज बारकाईने पाहण्यासाठी सीबीसीटी हे त्रिमितीय चित्रण उपयोगी पडते.

निदान व उपचार

१९३४ मध्ये अमेरिकेतील वैद्य जेम्स कॉस्टेन यांनी कानाच्या तक्रारींचा संबंध दातांच्या जुळणीशी जोडला होता. त्यांचे स्पष्टीकरण पुढे मान्य राहिले नाही. आज प्रत्यक्ष तपासणीस अधिक महत्त्व दिले जाते. वेदना असल्यास काही काळ मऊ आहार, शेक आणि जबड्याचे व्यायाम सुचवतात. ऊस सोलणे, सुपारी फोडणे व दात आवळून धरणे टाळावे. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी. केवळ आवाजासाठी दात घासून घेणे किंवा शस्त्रक्रिया करणे योग्य नव्हे, कारण त्यांचे परिणाम कायमचे असतात.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे

सांध्यात सतत वेदना असल्यास, जबडा अडकत असल्यास किंवा तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसल्यास तपासणी आवश्यक आहे. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्यांमध्ये तोंड कमी उघडण्याचे कारण सांधा नसून गालाची ताठरलेली अंतस्त्वचा असू शकते. हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो, त्यामुळे विलंब करू नये. धाराशिव जिल्ह्यातील माकणी परिसरातील रुग्णांना लातूर येथील दंतमहाविद्यालय जवळ पडते. मराठवाड्यातील शासकीय दंतमहाविद्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे.