एकच ज्वारी, एकच वाफ

ज्वारीचं तेच पीठ, तेच पाणी, तोच तवा. थापून टाकलं तर भाकरी टम्म फुगते. पातळ भिजवून ओतलं तर धिरडं होतं, आणि ते कधीच फुगत नाही. त्याला जाळी पडते. पीठ न करता नुसता दाणाच तापल्या कढईत टाकला, तर त्याची लाही होऊन तो कढईबाहेर उडी मारतो. या तिन्हींत ना आंबवणं आहे, ना सोडा. काम करते ती फक्त वाफ. मग एकाच वाफेने एकदा फुगा, एकदा जाळी आणि एकदा फुलोरा का करावा?

आधी वाफेची ताकद किती ते पाहू. एक ग्रॅम पाणी म्हणजे साधारण वीस थेंब. हे वीस थेंब १०० अंश सेल्सिअसला वाफ झाले की सुमारे १६७० मिलिलिटर जागा व्यापतात, म्हणजे दीड लिटरहून जास्त. त्यामुळे भाकरी फुगवायला पिठातल्या पाण्याचा अगदी लहानसा वाटा पुरतो. बाकीचं पाणी मऊपणासाठी मागे राहतं. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. पातेल्यावर तरंगणारा पांढरा ढग म्हणजे हवेत गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. खरी वाफ त्याच्या खाली, पाण्याच्या पृष्ठभागालगत असते आणि पारदर्शक असते.

वाफ सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो तिला अडवणाऱ्या भिंतीमुळे. भिंत किती मजबूत, ती कधी तयार होते आणि कधी हार मानते, यावर पदार्थाचं रूप ठरतं.

गव्हाच्या पिठात ही भिंत आयती मिळते. कणीक मळताना गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं ताणलं जाणारं जाळं तयार करतात. म्हणून पोळी लाटता येते आणि फुलका सहज फुगतो. ज्वारीत आणि बाजरीत ग्लुटेन नाही. तिथे भिंत उभी करायची ती स्टार्चची, आणि ती करणाऱ्याच्या हातानेच उभी राहते. म्हणून भाकरी हे पोळीपेक्षा अवघड काम आहे असं मी ठामपणे म्हणेन.

स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत आणि फारसं पाणीही पीत नाहीत. पाणी सत्तर अंशांच्या आसपास गेलं की मात्र त्यांची आतली घट्ट बांधणी सुटते, ते पाणी शोषून फुगतात आणि चिकट खळ तयार होते. पीठ आधणाच्या पाण्यात भिजवायचं ते यासाठी. पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर गरम पाण्याशिवाय भागतच नाही. गार पाण्यात मळलेल्या गोळ्याला थापतानाच कडेने चिरा पडतात. थोड्या पिठाची खळ झाली की ती उरलेल्या कणांना धरून ठेवते. तळहाताने रगडून मळल्यावर ती सगळीकडे सारखी पसरते. घाईने मळलेलं पीठ दिसायला एकजीव असतं, पण भाकरी थापताना त्याचं पितळ उघडं पडतं.

आता तव्याजवळ उभं राहून पाहा. थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकली की परातीकडची, कोरडं पीठ लागलेली बाजू वर येते. लगेच हात पाण्यात बुडवून ते पाणी वरून कडेपर्यंत फिरवलं जातं. पाणी सुकत आलं की, पण पुरतं सुकायच्या आत, भाकरी उलटायची. या काही क्षणांत बरंच घडतं. पाण्याने वरचं कोरडं पीठ भिजतं, बारीक भेगा भरून येतात आणि उलटल्यावर हा ओला थर तव्याच्या उष्णतेने शिजून अखंड पापुद्रा होतो. पाणी फिरवायला उशीर झाला किंवा उलटायला उशीर झाला, तर वरचा थर वाळून चिरतो. मग खालून कितीही जाळ करा, वाफ त्या चिरांतून निघून जाते. भाकरी शिजते, पण चपटी राहते.

दोन्ही बाजूंना पापुद्रा धरला की मधला थर अजून ओला असतो. त्यातल्या पाण्याची वाफ होऊ लागते, तिला बाहेर जायला वाट नसते, आणि ती दोन पापुद्र्यांना एकमेकांपासून अलग करते. म्हणून शेवटी भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर धरतात किंवा चुलीच्या निखाऱ्यांपुढे उभी करतात. कुठलाही पापुद्रा पूर्ण बंद नसतो, थोडी वाफ झिरपतच असते. प्रखर आचेवर मात्र वाफ झिरपते त्याहून वेगाने तयार होते, आणि भाकरी फुगते. मंद जाळावर तीच भाकरी तशीच बसून राहील. कड जाड आणि मध्य पातळ झाला असेल तर अर्धीच फुगते, कारण पातळ भाग आधी वाळून जातो आणि त्याच्याकडे वाफ करायला पाणीच उरत नाही.

खाली उतरवल्यावर ती बसते, कारण आतली वाफ गार होऊन पुन्हा पाणी होते आणि दीड लिटरचा पसारा वीसेक थेंबांवर येतो. गरम भाकरी थेट ताटात ठेवली तर खालून घाम सुटतो तोही याचाच भाग. भाकरीतून निघालेली वाफ गार धातूला लागून थेंब होते आणि तेच पाणी भाकरी पुन्हा पिते. वेताच्या दुरडीत किंवा कापडावर ठेवली की वाफेला वाट मिळते.

धिरड्याचं गणित उलटं आहे. तिथे पीठ पातळ, पाणी भरपूर आणि स्टार्च कच्चा. वाफ अडवणारी भिंत ओतताना अस्तित्वातच नसते. तापल्या तव्यावर पडताक्षणी तळाशी वाफेचे बुडबुडे उठतात आणि पातळ पिठातून सरळ वर येऊन फुटतात. बुडबुडा गेला की त्याच्या वाटेभोवतीचा स्टार्च त्याच क्षणी शिजून घट्ट होतो, आणि वाट उघडीच राहते. ती जाळी. तवा कमी तापलेला असेल तर बुडबुड्यांना जोर नसतो आणि भोक पडलं तरी ओलं पीठ आत ओघळून ते बुजतं. पीठ दाट झालं तर बुडबुडे वरपर्यंत पोचतच नाहीत. कोकणातल्या घावनाचंही हेच. पीठ हाताने शिंपडत ओतायचं आणि तवा आधी सणसणीत तापवायचा, ही तिथली रीत जाळीसाठीच आहे.

तवा तापला का हे पाहायला पाण्याचे थेंब शिंपडतात, त्यातही एक नवल दडलं आहे. बेताच्या गरम तव्यावर थेंब चर्र करून लगेच नाहीसा होतो. तवा आणखी तापला, साधारण दोनशे अंशांच्या पुढे गेला, की थेंब गोल होऊन तव्यावर पळत सुटतो आणि उलट जास्त वेळ टिकतो. थेंबाखाली तयार झालेली वाफेची पातळ गादी त्याला तव्याला टेकू देत नाही, आणि वाफेतून उष्णता फार सावकाश जाते. योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने लालबुंद तापवलेल्या लोखंडी पळीत पाण्याचे थेंब टाकून हे निरखलं आणि १७५६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आजही या घटनेला त्याचंच नाव आहे. थेंब पळायला लागले की आच थोडी उतरवायची, हा स्वयंपाकघरातला शहाणपणा अगदी बरोबर आहे. इतक्या तापल्या तव्यावर पीठ धरत नाही.

आता लाही. इथे भिंत सगळ्यात मजबूत असते आणि ती निसर्गाने दिलेली असते. दाण्याचं बाहेरचं टरफल आणि त्याखालचा काचेसारखा कठीण गर मिळून आतलं पाणी कोंडून ठेवतात. पाणी कोंडलेलं राहिलं की ते शंभर अंशांना उकळत नाही. दाब वाढेल तसा उकळबिंदू वर सरकतो. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जे बंद भांडं मांडलं, आजच्या प्रेशर कुकरचं पूर्वज, ते याच तत्त्वावर चालत होतं. कुकरमध्ये आतला दाब बाहेरच्या दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत चढतं. भाकरीचा पापुद्रा इतका नाजूक की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम जास्त असतो. तिथली वाफ शंभरच्या आसपासच थांबते. लाहीच्या दाण्यात मात्र पाणी १८० अंशांपर्यंत तापतं आणि दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दहापट होतो. पोलादी कुकरला न झेपणारा दाब एवढासा दाणा पेलतो, या गोष्टीचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

एमान्युएल विरो आणि अलेक्झांद्र पोनोमारेंको या दोन फ्रेंच संशोधकांनी २०१५ मध्ये मक्याच्या दाण्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिवेगवान कॅमेऱ्याने त्यांनी लाही फुटताना टिपली. १८० अंशांच्या आसपास टरफल फाटतं, दाब एकदम पडतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिजून मऊ झालेला स्टार्च फेसासारखा फुलून तिथल्या तिथे गार होऊन थिजतो. फुटलेल्या भागातून आधी स्टार्चचा एक पाय बाहेर येतो, तो कढईला रेटा देतो आणि दाणा उसळी घेतो. फट्‌ असा आवाज टरफल फाटल्याचाही नाही आणि दाणा आपटल्याचाही नाही. तो कोंडलेली वाफ एकदम मोकळी झाल्याचा आहे.

नागपंचमीच्या लाह्यांसाठी ज्वारी आदल्या दिवशी गरम पाण्यातून काढून, निथळून, कापडात गुंडाळून ठेवतात. आत पुरेसं पाणी नसेल तर दाब तयारच होत नाही. पाणी फार झालं तर टरफल मऊ पडून वेळेआधी फाटतं. आच कडक लागते, कारण हळूहळू तापवलेल्या दाण्यातलं पाणी झिरपून निघून जातं. कढईत मीठ किंवा वाळू घालतात ती दाण्याला सगळ्या बाजूंनी एकदम उष्णता मिळावी म्हणून. तळाशी राहणारे गणंग बहुतेक करून टरफलाला बारीक चीर गेलेले किंवा आतून कोरडे पडलेले असतात. त्यांना पुन्हा भाजून उपयोग होत नाही.

कुरडई हीदेखील एक प्रकारची लाहीच आहे, फक्त तिचा दाणा माणसाने घडवलेला. गहू भिजवून, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्याने पाडायचा आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवायचा. शिजवणं ही यातली कळीची पायरी. कच्चा चीक वाळवला तर हाती भुकटी येते, ती तेलात फुलत नाही. शिजलेला स्टार्च वाळला की काचेसारखा कठीण होतो आणि त्यात थोडीशी ओल अडकून राहते. कडकडीत तेलात ही काच क्षणात मऊ होते, आतल्या ओलीची वाफ तिला फुलवते, वाफ निघून जाते आणि फुललेला आकार तसाच कायम राहतो. तेल कमी तापलं असेल तर वाफ जोर न करता झिरपते आणि कुरडई दाताखाली टणक लागते.

फोडणीतली मोहरी तडतडते तेही कोंडलेल्या वाफेनेच. ती तडतडली म्हणजे तेल पुरेसं तापलं. मग आच कमी करून हिंग-हळद घालायची, नाहीतर हळद करपते. ओल्या कढीपत्त्याचं पाणी मात्र तेलापेक्षा जड, ते तेलाखाली जाऊन वाफ होतं आणि वरचं तेल उडवतं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये, त्याचं कारण हेच. त्यावर झाकण ठेवून गॅस बंद करावा.

भाकरीकडे परत यायचं तर वाफ गेल्यावरही तिची गोष्ट संपत नाही. रात्रीची भाकरी सकाळी कडक होते ती नुसती वाळून नव्हे. गार होताना स्टार्चचे सुटे झालेले धागे पुन्हा एकमेकांशी जुळतात आणि घट्ट बसतात. डब्यात, तिच्यातली ओल जाऊ न देता ठेवली तरी हे घडतं. पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केली की ते जोड बऱ्याच अंशी सुटतात आणि भाकरी मऊ होते.

सोलापूरकडच्या बायकांनी या सगळ्यावर वेगळाच उपाय काढला आहे. त्या भाकरी अतिशय पातळ थापतात आणि मंद आचेवर तिच्यातलं पाणी जवळजवळ पूर्ण जाईपर्यंत भाजतात. पाणीच नाही म्हटल्यावर बुरशीला जागा नाही, आणि स्टार्चच्या धाग्यांना हलायलाही वाव नाही. ही कडक भाकरी कित्येक आठवडे टिकते, शेंगांच्या चटणीबरोबर तशीच खाल्ली जाते, आणि गरम आमटीत चुरली की पाणी पिऊन लगेच मऊ होते. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा. पावसाळ्यात उघडी राहिली तर हवेतली ओल ओढून घेते, आणि मग ती धड कडकही राहत नाही, धड मऊही होत नाही.