मणक्यातला ‘गॅप’

‘मणक्यात गॅप आला’ हे निदान वऱ्हाडात कुठल्याही ओट्यावर ऐकू येतं. अकोल्याच्या बाजार समितीतला हमाल ते सांगतो, अमरावतीतल्या निवृत्त मास्तरांनाही तेच झालेलं असतं. एमआरआयच्या अहवालात ‘डिजनरेशन’ हा शब्द दिसला की घरात धसका बसतो. उरलेलं आयुष्य कंबरपट्ट्यातच जाणार, असं माणूस मनाशी ठरवून टाकतो.

खरं तर गॅप वाढत नाही, कमी होतो. मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात, एकूण २३. लोक त्यांना गादी म्हणतात. आत पाणीदार गर, भोवती चिवट तंतूंचं कडं. दिवसभर वजन पेलताना चकतीतलं पाणी दबून बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर ती ते परत शोषून घेते. म्हणून सकाळी माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो! मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. तिचं पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येतं. वयानुसार हे झिरपणं मंदावतं, गर सुकतो, चकती बसते आणि मे महिन्यात काळ्या रानाला पडाव्यात तशा भेगा कड्याला पडतात. त्यातून गर बाहेर येऊन नसेला टेकला, तर कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. हीच सायटिका.

पण झीज म्हणजे दुखणं नव्हे. पाठीची काहीच तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत होती. सगळे ठणठणीत. तेव्हा साठीतल्या माणसाच्या अहवालात झीज नसती, तरच नवल होतं.

मग कंबर दुखते कशाने? दिवाळीच्या आगेमागे कपाशीच्या वावरात उभं राहून बघावं. वरची बोंडं उभ्याने वेचता येतात, खालच्यांसाठी वाकावं लागतं. पोटाशी बांधलेली ओटी कापसाने फुगत जाते, पुढे ओढते, आणि वेचणारी बाई एका झाडावरून सरळ न होताच पुढच्या झाडाकडे सरकते. त्याआधी निंदण झालेलं असतं, तेही वाकून किंवा उकिडवं बसून. गड्याच्या पाठीवर फवारणीचा १६ लिटरचा पंप. अशाने स्नायू आणि सांधे थकतात, आखडतात. बरंचसं दुखणं तिथलं असतं. फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या पाठी तपासल्या, तेव्हा चकतीच्या झिजेत कष्टापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा कितीतरी मोठा निघाला. याचा अर्थ ओझं निरुपद्रवी असा मात्र नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच एका पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. आपल्याकडे शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं त्यानंतरही वर्षानुवर्षं मर्दुमकीचं मानलं गेलं.

कंबर धरली की पंधरा दिवस खाटेवर पडायचं, हा सल्ला आता मोडीत निघाला आहे. एक-दोन दिवस आराम ठीक. पुढे चालतं-फिरतं राहिलेला माणूस लवकर सुधारतो. सायटिकाही बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच जिरवतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यांत व्यायामाला होकार आहे. कंबरपट्टा आणि वजनं लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, यांना नकार. तरी पट्ट्यांचा खप काही कमी होत नाही.

अमरावतीकरांना व्यायामाचं महत्त्व बाहेरच्याने सांगावं, हीही गंमतच. वैद्य बंधूंचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. साठीनंतर मल्लखांब नको, पण रोजचं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठीचे-पोटाचे व्यायाम तरी हवेत. तंबाखूचा धूर चकतीचं पोषण आणखी तोडतो, तो बंद.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना झालं, तर मालीश करणाऱ्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी अमरावतीचं इर्विन रुग्णालय किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. पाठदुखीसोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाचीही तपासणी करून घ्या.