आज्ञावली बंद होताना वस्तूंच्या स्मृतीची विल्हेवाट : मॅक ओएस एक्समधील कोकोच्या संदर्भात

'जेवढी स्मृती मागून घेतली तेवढी परत करावी' हा नियम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मनावर सुरुवातीलाच ठसविला जातो. आज्ञावली चालू असेपर्यंत तो निर्विवाद आहे. ती बंद होण्याच्या क्षणी मात्र त्याचा अर्थ बदलतो. प्रस्तुत लेखात हा बदल कोको या चौकटीच्या आधारे स्पष्ट केला आहे.

ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत प्रत्येक वस्तूचा संदर्भांक मोजला जातो. 'रिटेन'ने तो वाढतो, 'रिलीज'ने घटतो आणि शून्य होताच 'डीअ‍ॅलॉक' ही पद्धत चालते. २०११ पासून ही आवाहने संकलक स्वतःच घालू शकतो. वापरकर्त्याने 'क्विट' निवडले की प्रथम 'अ‍ॅप्लिकेशन शुड टर्मिनेट'द्वारे संमती विचारली जाते, नंतर 'अ‍ॅप्लिकेशन विल टर्मिनेट'ची सूचना मिळते आणि शेवटी थेट 'एक्झिट' होते. त्या वेळी जिवंत असलेल्या वस्तूंचे 'डीअ‍ॅलॉक' चालत नाही.

हा दोष नव्हे, जाणीवपूर्वक केलेली योजना आहे. प्रक्रिया संपताच तिची सर्व खासगी स्मृती कार्यप्रणाली एकत्रितपणे परत घेते. वस्तू एकेक करून मोकळ्या करायच्या, तर डिस्कवर हलविलेली स्मृतिपृष्ठे पुन्हा वाचून आणावी लागतील, आणि तीही केवळ टाकून देण्यासाठी! तेवढा वेळ वापरकर्ता ताटकळत राहील.

तथापि कार्यप्रणाली स्मृती परत घेते, तिच्यातील मजकुराचा अर्थ तिला कळत नाही. उघड्या फाइली ती बंद करते. पण आज्ञावलीच्या स्वतःच्या साठ्यात राहिलेला, न लिहिलेला मजकूर नष्ट होतो आणि तात्पुरत्या फाइली मागे राहू शकतात. समजा, विद्यार्थ्याने हजेरीपटाची आज्ञावली लिहिली आणि नोंदी फाइलीत उतरविण्याचे काम 'डीअ‍ॅलॉक'मध्ये ठेवले. खिडकी बंद करताना तिच्याशी निगडित वस्तू मुक्त होत असेल, तर चाचणी निर्दोष ठरते. खिडकी उघडी असताना 'क्विट' केले की शेवटच्या नोंदी गेल्याच.

मग हे काम 'अ‍ॅप्लिकेशन विल टर्मिनेट'मध्ये हलविले म्हणजे झाले काय? तेही पुरेसे नाही. सक्तीने बंद केल्यास वा वीज गेल्यास ही सूचना येत नाही. शिवाय २००९ च्या १०.६ आवृत्तीपासून 'सडन टर्मिनेशन'ची सोय आहे. जी आज्ञावली ती स्वीकारते, तिला संगणक बंद होताना कोणतीही सूचना न देता संपविले जाऊ शकते. म्हणून अपूर्ण काम हाती असेपर्यंत ही सोय स्थगित ठेवावी लागते. माझ्या मते महत्त्वाची नोंद बदल होताक्षणीच डिस्कवर लिहिणे अधिक सुरक्षित होय.

प्रात्यक्षिक परीक्षेत शेवटी न सोडलेल्या स्मृतीबद्दल गुण कापण्यापेक्षा, आज्ञावली मध्येच सक्तीने बंद करून पुन्हा उघडावयास सांगावी आणि किती नोंदी शिल्लक आहेत ते मोजावे.