आपण सोफ्यावर बसतो, पण सोफा का बसतो?

प्रत्येक होस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक सोफा असा असतोच की ज्यावर बसणं सोपं आणि उठणं अवघड. मॅच चालू असते, फर्स्ट इयरचा एखादा भिडू बिनधास्त टेकतो, गुडघे छातीला लागतात आणि मागून आवाज येतो, "काय बे, विहिरीत उतरलास की!" पुढे डेड स्टॉकची तपासणी होते, सोफ्याच्या नावापुढे 'निर्लेखित' असा शेरा पडतो आणि तो भंगारात जातो. नवा कधी येणार ते पुढच्या बॅचने बघायचं! स्टाफ क्वार्टर्समध्येही यापेक्षा वेगळं काही घडत नाही. वाईट याचं वाटतं की अशा बऱ्याच सोफ्यांची लाकडी चौकट ठणठणीत असते. बिघडलेलं असतं ते मधलं काहीतरी, आणि ते आपल्या हाताने दुरुस्त होण्यासारखं असतं.

तेव्हा आधी निदान. गादी काढून बाजूला ठेवा आणि नुसत्या बैठकीवर तळहाताने दाबून बघा. बैठक घट्ट लागली तर दोष गादीचा. हात खाली गेला तर सोफा उलटा करा. खालचं काळं कापड पिना उचकटून सोडवा, पण फाडू नका, ते परत लावायचं आहे. आत तीनपैकी एक गोष्ट दिसेल : नागमोडी तारेच्या झिगझॅग स्प्रिंगा, रबरी किंवा इलॅस्टिकचे पट्टे, नाहीतर नवार. (होस्टेलचा सोफा असेल तर त्यावर डेड स्टॉक नंबर असतो. उलटा करण्याआधी रेक्टर सरांना विचारा, नाहीतर दुरुस्तीपेक्षा दंड महाग पडायचा.)

झिगझॅग स्प्रिंग सहसा तुटत नाही, तिची क्लिप चौकटीतून निसटते. पाच स्प्रिंगांपैकी एक सुटली की उरलेल्या चौघींवर प्रत्येकी २५ टक्के जादा भार येतो, मग दुसरीही सुटते. आपल्या मेसमध्ये एक आचारी सुट्टीवर गेला की बाकीच्यांचं जे होतं तेच! जुन्या भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोका, किंवा शेजारी नवं भोक पाडून क्लिप स्क्रूने आवळा. स्प्रिंग पक्कडीने ओढताना वर्कशॉपचा गॉगल घाला, ती सुटली तर सरळ तोंडावर येते. सैल स्प्रिंग आणखी ताणून 'घट्ट' करण्याच्या फंदात मात्र पडू नका. इलॅस्टिक लिमिट ओलांडलेली तार मूळ आकारात येत नाही, हे आपण यूटीएमवर बघितलंच आहे. सगळ्या स्प्रिंगा मधोमध आडव्या सुतळीने एकमेकींना बांधल्या तर भार वाटला जातो.

रबरी पट्टे असतील तर ते सोलापूरच्या उन्हाळ्यात लवकर म्हातारे होतात. उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. तिथे माझं मत सरळ आहे : सुती नवार लावा. ती ढिली पडली तर पुन्हा ताणता येते, आणि घरी आजोबांचा पलंग विणलेला ज्याने बघितलाय त्याला काही नव्याने शिकवावं लागत नाही. समजा बैठकीचं आतलं माप ५४ बाय २० इंच आहे आणि नवार अडीच इंची. मध्ये एकेक इंच जागा सोडली तर पुढून मागे १५ पट्ट्या आणि आडव्या ५. दोन्ही टोकांना ठोकायला आणि दुमडायला मिळून ६ इंच धरले तर एकूण ६९० इंच, म्हणजे साडेसतरा मीटर. १९ मीटर आणा. एक टोक बारीक चुकांनी ठोका, चुका एका रेषेत नको, तिरप्या-आडव्या, म्हणजे लाकूड चिरत नाही. दुसरं टोक फळीच्या तुकड्याला गुंडाळायचं, फळी चौकटीला टेकवून तरफेसारखी खाली दाबायची, नवार ताठ झाली की ठोकायची आणि टोक दुमडून पुन्हा ठोकायचं. आडव्या पट्ट्या एक वर एक खाली अशा विणा. दोघेजण असले तर हे एका दुपारचं काम आहे.

एवढीही सवड नसेल तर गादीखाली प्लायवूड. इथे एसओएम कामाला येतं. डिफ्लेक्शन जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणून ६ मिमीऐवजी १२ मिमी घेतलं तर बाक एक अष्टमांश. लांबीचंही तसंच : तीन जणांच्या सोफ्याची पुढची पट्टी मधोमध वाकली असेल तर तिथे एक पाय किंवा लाकडी ठोकळा द्या, स्पॅन अर्धा होतो. प्लायला चार-पाच भोकं पाडा, नाहीतर गादीतली हवा आणि घाम कोंडतो. बसायला ते थोडं कडक लागतं, हे आधीच सांगतो.

आता गादी. फोम घेताना दुकानदार '३२ चा', '४० चा' म्हणतो, ती डेन्सिटी, म्हणजे घनमीटरला किलो. पडताळा घ्यायला किराण्याचा तराजू पुरतो. २४ बाय २४ बाय ४ इंची तुकडा ३२ चा असेल तर साधारण १ किलो २०० ग्रॅम भरतो, ४० चा असेल तर दीड किलो. ७०० ग्रॅम भरला तर काय समजायचं ते समजा. कधी कधी भुकटी मिसळूनही वजन वाढवतात, म्हणून दाबून, सोडून, चुरा पडतो का तेही बघा. पैसे नसतील तर जुनी सोलापुरी चादर घडी घालून फोमखाली टाका, चारी कडांना टाके मारा, इंचभर उंची सहज मिळते. आणि एक फरक लक्षात ठेवा. कापसाची गादी पिंजून घ्यावी, उन्हात टाकावी. फोम उन्हात टाकू नये, तो पिवळा पडून भुसभुशीत होतो.

जुना सोफा बाहेरून आणणार असाल तर शिवणी आणि पाठीमागच्या फटी टॉर्च मारून तपासा. ढेकूण एकदा विंगमध्ये शिरले की मग सोफा हा प्रश्नच उरत नाही. काळं कापड परत पिना मारून लावा आणि फेव्हिकॉल वाळेपर्यंत एक दिवस कुणाला बसू देऊ नका. त्यासाठी नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही, गादीच उचलून रेक्टर सरांच्या खोलीत ठेवावी लागते.