गुंतलेले कथानक आणि सियागंजची खतावणी

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळील सियागंज ही किराणा, मसाले आणि सुकामेवा यांची जुनी घाऊक पेठ. ही पेठ आणि इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होणारी अद्‌भुतरम्य चित्रकथा, म्हणजेच वेबकॉमिक, यांत वरवर पाहता कोणतेही साम्य नाही. तथापि हजारो पानांच्या कथानकात वाट चुकलेला वाचक अखेरीस ज्या रीतीचा आधार घेतो, ती रीत अशा पेठांतील पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिचे नाव खतावणी.

देशी हिशेबपद्धतीत व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहिला जातो. दिवसभरात जे जे घडले ते घडले त्या क्रमाने उतरवायचे, एवढेच कीर्दीचे काम. सकाळी वेलदोड्याची पोती आली, दुपारी हमाली दिली, सायंकाळी एका गिऱ्हाइकाने जुनी बाकी फेडली. सारे एकाच पानावर, एकाखाली एक. परंतु ‘अमुक गिऱ्हाइकाकडे आज किती येणे आहे’ असा प्रश्न मालकाने केला, तर कीर्दीत उत्तर असूनही ते सापडत नाही; कारण ते शंभर पानांत विखुरलेले असते. म्हणून कीर्दीतील प्रत्येक नोंद खातेवहीत त्या त्या असामीच्या खात्यावर उतरवतात आणि शेजारी कीर्दीचे पान नोंदवतात. नवी माहिती एकही मिळत नाही. केवळ मांडणी बदलते आणि अर्थ उलगडतो.

कथानक गुंतते कशामुळे?

वेबकॉमिक ही लेखकाची रोजकीर्द असते. आज एक पान, परवा दुसरे, असे वर्षानुवर्षे चालते. अँड्र्यू हसी यांची ‘होमस्टक’ ही या प्रकारातील सर्वांत गुंतागुंतीची म्हणून ख्याती पावलेली चित्रकथा. १३ एप्रिल २००९ रोजी ती सुरू झाली आणि बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ रोजी संपली. या काळात तिची आठ हजारांहून अधिक पाने झाली. चित्रांच्या जोडीला दीर्घ संभाषणे, ध्वनियुक्त चलच्चित्रे आणि वाचकाने स्वतः खेळावयाचे छोटे खेळही तिच्यात होते. आरंभी तर वाचक पुढील कृती सुचवत आणि लेखक त्यांतून निवड करी. सूचनांचा पूर आल्यावर ही प्रथा त्यांनी बंद केली.

कथेचा सांगाडा सांगण्यास सोपा आहे. चार किशोरवयीन मित्र संगणकावर एक खेळ सुरू करतात. त्या खेळामुळे पृथ्वीचा नाश ओढवतो आणि नवे विश्व निर्माण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. गुंता पुढे होतो. दुसऱ्या विश्वातील बारा पात्रे या मुलांशी संगणकावरून बोलू लागतात आणि मुलांच्या आयुष्यातील कोणत्याही क्षणाशी त्यांना संपर्क साधता येतो. त्यांतील कारकॅट हा जॉन नावाच्या मुलाशी काळात मागे मागे सरकत बोलतो. कारकॅटचे पहिले संभाषण जॉनला पुढे केव्हातरी होणारे असते, आणि जॉन ज्याला पहिली भेट समजतो तोवर कारकॅट त्याला चांगलाच ओळखू लागलेला असतो. एकाला दुसऱ्याचा राग का आला हे समजण्यासाठी वाचकाला दोघांची खाती वेगवेगळी लावावी लागतात.

येथेच मूळ अडचण दिसते. अशा कथेत किमान तीन क्रम एकाच वेळी चालू असतात: लेखकाने सांगितलेला क्रम, घटना प्रत्यक्ष घडल्या तो क्रम, आणि प्रत्येक पात्राला त्या कळल्या तो क्रम. छापील कादंबरी सलग वाचणाऱ्याला हे तिन्ही क्रम काही काळ मनात धरता येतात. आठवड्यातून दोन पाने वाचणाऱ्याला ते साधत नाही. तीन वर्षांपूर्वी एका कोपऱ्यात दिसलेली किल्ली आज दार उघडते. परंतु ती किल्ली कोणाच्या हाती होती हे त्याला आठवत नाही. दोष वाचकाच्या बुद्धीचा नसतो. कीर्द वाचून बाकी काढण्याचा तो प्रयत्न असतो.

वाचकांच्या वह्या

म्हणून वाचक आपापल्या वह्या उघडतात. पहिली पात्रांची: प्रत्येक पात्र प्रथम केव्हा आले, कोणाचे कोण, त्याच्याजवळ कोणती वस्तू वा शक्ती आहे. दुसरी काळाची: घटना घडल्या त्या क्रमाने पुन्हा मांडायच्या. तिसरी संज्ञांची: लेखकाने निर्माण केलेल्या जगाचे नियम आणि शब्द. चौथी, आणि सर्वांत उपयुक्त, ज्ञानाची: कोणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही. गैरसमजावर उभी असलेली कथा या चौथ्या वहीवाचून उलगडत नाही.

या वह्या एकट्याने ठेवणे कठीण असते. अनेकांनी मिळून त्या ठेवल्या म्हणजे त्यांचा कोश होतो. अशा कोशाची विश्वासार्हता एकाच गोष्टीवर अवलंबून असते: प्रत्येक विधानाशेजारी मूळ कथेतील पानाचा क्रमांक आहे की नाही. खातेवहीतील नोंदीला कीर्दीचे पान नसेल, तर कोणताही जाणता मुनीम ती मान्य करणार नाही.

मराठीला ही रीत परकी नाही

हे सारे इंटरनेटबरोबर आले असे मानण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे त्याच सामग्रीची मांडणी निराळ्या दृष्टींनी झाली. केशोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला, तर ‘स्थानपोथी’त स्वामींचा जेथे जेथे संचार झाला त्या स्थानांच्या अनुरोधाने नोंदी आल्या. आठवणींच्या कीर्दीतून एक खातेवही वचनांची तयार झाली आणि दुसरी स्थळांची. श्रद्धेचा ग्रंथ आणि करमणुकीची चित्रकथा यांची योग्यता निराळी असली, तरी मोठ्या सामग्रीत वाट शोधण्याची मनुष्याची रीत एकच आहे.

विसाव्या शतकात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी ‘भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश’ (१९३२) सिद्ध केला, तोही याच जातीचा. महाभारतात वैशंपायन जनमेजयाला कथा सांगतात, ती सौती शौनकादी ऋषींना पुन्हा सांगतो, आणि मध्येच उपाख्याने उघडतात. त्यातील एखाद्या राजाची सारी हकीकत एका ठिकाणी हवी असेल, तर पर्वे चाळण्याऐवजी अकारविल्ह्याने लावलेला कोश उघडावा लागतो.

इंदूरसारख्या हिंदी आणि मराठी शेजारी नांदणाऱ्या शहराला आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल: देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ आणि तिची चोवीस भागांची ‘चंद्रकांता संतति’. अय्यारांची वेषांतरे, तिलिस्मातील गुप्त दारे आणि एकाच व्यक्तीची बदलती नावे यांमुळे या कथांतही हिशेब ठेवावा लागतो. ‘संतति’मधील भूतनाथाचा गूढ पूर्वेतिहास पुढे त्याच्याच नावाच्या स्वतंत्र कादंबरीचा विषय झाला. ती अपुरी असताना १९१३ मध्ये खत्री निवर्तले आणि त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पूर्ण केली. लेखकामागे अपुरे कथानक पूर्ण करणाऱ्यालाही आधीच्या भागांची खतावणी मनात लावावीच लागते.

तेरीज जुळली, तरी…

खतावणी झाल्यावर तेरीज काढतात. जमा आणि नावे यांच्या बेरजा जुळल्या नाहीत, तर कोठेतरी चूक आहे हे निश्चित. कथेतही असेच घडते. दोन पात्रांच्या खात्यांत एकाच रात्रीची हकीकत जुळत नसेल, तर वाचकाचे वाचन चुकले, किंवा एक पात्र खोटे बोलत आहे, किंवा लेखकाने मुद्दाम काही दडवले आहे. चाणाक्ष वाचक अशा न जुळणाऱ्या जागांकडेच प्रथम पाहतो. कारण पुढील रहस्य बहुधा तेथेच असते.

परंतु तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असेही नाही. एका गिऱ्हाइकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तरी बेरजा जुळतात. वाचकांनी रचलेल्या तर्कांचेही तसेच आहे. सारे धागे जुळवणारा एखादा तर्क इतका सुबक असतो की तो लोकांच्या तोंडी कथेतील घटना म्हणून रूढ होतो; प्रत्यक्षात लेखकाने तसे कोठेही म्हटलेले नसते. पुढे कथा निराळी वळली की वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. ‘कथेत दाखवले आहे’, ‘पात्राने सांगितले आहे’ आणि ‘वाचकांचा तर्क आहे’ हे तीन रकाने वेगळे ठेवणे हाच यावर उपाय.

कीर्दच हरवली तर

या प्रश्नाला एक गंभीर बाजूही आहे. ‘होमस्टक’मधील चलच्चित्रे आणि खेळ फ्लॅश या तंत्रावर चालत. अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि मूळ कथेचे कळीचे भाग त्यांच्या मूळ रूपात ब्राउझरवर चालेनासे झाले. खातेवह्या होत्या, परंतु त्या ज्या कीर्दीकडे बोट दाखवत, तिचीच पाने गळू लागली. वाचकांनीच मग संपूर्ण कथा मूळ स्वरूपात संगणकावर उतरवून वाचता येईल असा संग्रह तयार केला.

‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धाडीत गहाळ झाली आणि अनुयायांनी आठवणींवरून पाठ पुन्हा सिद्ध केले, असे परंपरा सांगते. पाठांत भेद राहिले ते त्यामुळेच. कागदाची पोथी असो वा पडद्यावरचे पान, तिचे आयुष्य अखेर वाचणाऱ्यांच्या काळजीवर ठरते. आज मोबाइलवर विनामूल्य वाचली जाणारी एखादी चित्रकथा उद्या तिचे संकेतस्थळ बंद पडताच नाहीशी होऊ शकते, हे तिच्या चाहत्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

नव्याने वाचू लागणाऱ्याने कोणता मार्ग धरावा? प्रथम कथा लेखकाने सांगितली त्याच क्रमाने वाचावी. घटनाक्रमाने लावलेली सूची आधी वाचली, तर गुंता सुटतो, पण कुतूहलही संपते. प्रत्येक प्रकरणाअखेरीस चार ओळींची नोंद करावी: कोण आले, काय बदलले, कोणाला काय कळले, कोणता प्रश्न उघडा राहिला. समजले नाही तेथे त्वरित कोश उघडू नये. लेखकाला ते तूर्त समजू द्यायचे नसेलही. दोन-तीन प्रकरणांनंतरही वाट सापडली नाही, तरच इतरांची वही पाहावी आणि तीत दिलेले मूळ पान स्वतः उघडून खात्री करावी.

असे कोश बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठी वाचकाने आपली वही मराठीत ठेवली, तर त्याला जुन्या शब्दांचा आधार आहे. कीर्द, खातेवही, तेरीज, बाकी हे शब्द धान्याचा हिशेब ठेवता ठेवता घडले. कल्पित विश्वांचा हिशेब ठेवण्यासही ते पुरेसे आहेत.