पडणं अडवण्याची विद्या

पहूरहून फर्दापूरच्या दिशेने निघालं की अजिंठ्याचा डोंगर समोर आडवा उभा राहतो. वाघूर त्याच डोंगरातून उतरून जामनेर तालुक्यात येते. इतका जवळचा डोंगर असूनही इथल्या एखाद्या मुलीने गिर्यारोहण शिकायचं म्हटलं, तर घरचे सहज म्हणतात की हे पुण्या-मुंबईच्या पोरांचे उद्योग. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कापूस आणि केळी पिकवणाऱ्या मुलखाचा बर्फाशी काय संबंध? शंका रास्त आहे, पण गिर्यारोहण म्हणजे वर चढणं एवढंच गृहीत धरल्यामुळे ती येते. नवशिक्याला सगळ्यात आधी शिकावं लागतं ते पडणं अडवायला, स्वतःचंही आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जोडीदाराचंही. या विद्येचा खडकावरचा भाग खान्देशात, घराजवळ शिकता येतो. बर्फावरचा येत नाही, आणि त्या बाबतीत कोणी स्वतःची फसवणूक करून घेऊ नये.

आपल्याकडच्या जुन्या प्रशिक्षण संस्थांनी शिकवण्याचा जो क्रम ठरवला आहे, तोही हेच सांगतो. 1953 मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 ची. दोन्हीकडे प्राथमिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो आणि विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हिमनदीवर नेत नाहीत. दार्जिलिंगजवळ तेनसिंग रॉक आणि गोंबू रॉक, उत्तरकाशीजवळ तेखला, अशा खडकांवर आधी हात बसवून घेतात. खडकावर चूक लगेच दिसते. गाठ चुकली, पाय चुकीच्या जागी पडला, दोर सैल राहिला, तर प्रशिक्षक तिथल्या तिथे थांबवतो आणि पुन्हा करून घेतो. हिमनदीवर थंडी असते, हवा विरळ असते, बोटं बधिर झालेली असतात. तिथे गाठ मारायला शिकण्याची वेळ येता कामा नये.

दोराचंच पाहा. चढणाऱ्याचा दोर रबरासारखा नसला तरी झटका बसल्यावर ताणला जातो आणि पडण्याचा जोर शोषून घेतो. रॅपलिंगने उतरायला बऱ्याचदा कमी ताणला जाणारा दोर वापरतात. तो घेऊन आघाडीवर चढणं धोक्याचं. हार्डवेअरच्या दुकानातला, ट्रॉलीवर कापसाच्या गाठी आवळायचा दोर तर कितीही जाड असला तरी या कामाचा नाही. त्यामागे एक साधं गणित आहे. आघाडीचा गडी खडकात दोर अडकवलेल्या शेवटच्या आधारापासून पाच मीटर वर असताना सुटला, तर आधी आधारापर्यंत पाच आणि मग त्याखाली आणखी पाच, असा दहा मीटर पडतो. त्या वेळी खालून दोर सांभाळणाऱ्या, म्हणजे बिले देणाऱ्या, माणसाने वीस मीटर दोर सोडलेला असेल, तर दहाला वीसने भागून अर्धा येतो. झटका सहन होण्यासारखा असतो. पण मध्ये एकही आधार न लावता तोच गडी बिले देणाऱ्याच्या पाच मीटर वर गेला असेल, तर दहा मीटरचं पडणं पाच मीटर दोरावर येतं. भागाकार दोन. पडण्याची उंची तीच, झटका मात्र कितीतरी मोठा. एवढं समजलेला नवशिका पहिला आधार लवकर का लावायचा, हे कोणी ओरडून सांगायची वाट पाहत नाही.

आपला खडक शिकायला चांगला नाही, असा आक्षेप जाणकारही घेतात, आणि त्यात तथ्य आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. त्यातला एखादा थर घट्ट कातळाचा, तर त्याच्या वरचा सच्छिद्र आणि ठिसूळ; मध्येच लाल मातीचा पट्टा, त्यावर वाळलेलं गवत आणि घसारा. पण माझ्या मते नवशिक्याने नेमकं इथेच शिकावं. पकडीवर भार टाकण्याआधी ती तळहाताने ठोकून पाहायची. पोकळ आवाज आला तर सोडून द्यायची. हात-पाय मिळून तीन ठिकाणं खडकाला टेकलेली असल्याशिवाय चौथं हलवायचं नाही. वरून दगड सुटला तर आधी ओरडायचं. ही शिस्त भिंतीसारख्या स्वच्छ ग्रॅनाइटवर उशिरा लागते. अर्थात जागा आणि हंगाम निवडूनच. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, उन्हाळ्यात खडक हाताला चटके देतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. कड्यावर आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर तिथला बेत मुकाट्याने सोडावा. अजिंठा लेण्यांचा कडा संरक्षित वारसा आहे, तिथे दोर लावण्याचा विचारही करू नये. अभयारण्यात जायचं तर वन खात्याची परवानगी हवी. सोयगावजवळचा वेताळवाडीचा किल्ला किंवा मनमाडजवळचे अंकाई-टंकाई हे आधी पाठीवर ओझं घेऊन पायी चढायला उत्तम. दोराचं काम अनुभवी मार्गदर्शकाने निवडलेल्या छोट्या कातळावर करावं.

बर्फाचं शास्त्र निराळं आहे. कडक बर्फाच्या उतारावर घसरलेला माणूस काही क्षणांत असा वेग घेतो की मग त्याला थांबवणं अशक्य होतं. म्हणून आइस ॲक्सने स्वतःला अडवणं आधी घोटून घेतात: एक हात ॲक्सच्या डोक्यावर, दुसरा दांड्यावर, दांडा छातीवर तिरका, डोक्याचं टोक खांद्याजवळ बर्फात रुतवून त्यावर अंगाचा भार. बुटांना क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलायचे, कारण त्यांचे दात बर्फात अडकले की माणूस उलटा फेकला जातो. पालथं, उताणं, डोकं खाली अशा प्रत्येक अवस्थेतून हे जमावं लागतं. व्हिडिओ पाहून ते समजतं, पण घसरायला लागलेल्या शरीराला आपसूक करता येत नाही. आपल्याकडे त्याचा सराव करायला उतार नाही, बर्फही नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेच्या पुढच्या अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि दोन डझनांहून अधिक जण दगावले. त्यांत अनुभवी प्रशिक्षकही होते. मग शिकून उपयोग काय, असं आईबापांनी विचारलं तर त्यांना उडवून लावू नये. हिमस्खलनापुढे कोणाचंही वैयक्तिक कौशल्य चालत नाही, आणि चांगलं शिक्षण हे लपवत नाही. पण गाठ चुकणं, आधार उखडणं, रॅपलिंग करताना दोराच्या टोकाला गाठ न मारणं, वेळेत माघार न घेणं, या चुका माणसाच्या हातच्या आहेत आणि शिकल्याने टळतात. धोका शून्य होत नाही, म्हणून जो टाळता येतो तोही टाळू नये, हे मला पटत नाही.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी यातलं पुष्कळ काही उचलावं. दोन-तीन हिवाळे अनुभवी गिर्यारोहण संस्थेच्या देखरेखीखाली कातळावर सराव, मग दार्जिलिंग, उत्तरकाशी किंवा मनालीला प्राथमिक अभ्यासक्रम. तिथल्या जागा फार आधी भरतात, त्यामुळे अर्ज वेळेत करावा लागतो. पुढच्या अभ्यासक्रमाला जायचं तर प्राथमिकमध्ये ‘अ’ श्रेणी लागते. स्थानिक शिबिराला मूल पाठवण्याआधी पालकांनी फी विचारावी तसंच दोर किती वर्षांचा आहे, त्याच्या वापराची नोंद कोण ठेवतं, एका प्रशिक्षकामागे मुलं किती, प्रथमोपचार कोणाला येतो, जखमी मूल खाली आणायची काय सोय आहे, हेही विचारावं. उत्तर देताना कोणी आढेवेढे घेतले तर त्या शिबिराला मूल पाठवू नये.